पेडणेकर मास्तरांची सागवानी जमीन

पेडणेकर मास्तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी बघत. आधी टाचा, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे. एवढं पाहून होईपर्यंत त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत तयार झालेलं असे आणि ते सहसा वाईट असे. मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा शहापूरचा वार्ताहर होतो. मुरबाडच्या बातम्याही मलाच पाहाव्या लागत. मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर कोणीतरी आमची ओळख करून दिली. मास्तरांनी माझ्या चपलांकडे पाहून विचारलं,

"निघालात कुठे?"

"कुठेच नाही. तुमच्याशी बोलायला थांबलोय."

"तोंडाने थांबलात. वजन डाव्या पायावर आहे, उजवी टाच सुटलीय. शहापूरची गाडी पकडायचीय तुम्हाला. पकडा."

गाडी पकडायची होती हे खरं होतं. पण ओळखीच्या पहिल्याच मिनिटाला कोणी हे ऐकवलं की त्या माणसाबद्दल बरं मत होत नाही. गाडीत बसल्यावर मी ठरवलं की याची माहिती काढायची.

माहिती फारशी निघाली नाही. पन्नाशीचे, उंच, सडपातळ, पाठ खांबासारखी सरळ. मूळ गोव्याकडचे. मुंबईत बॉलडान्स शिकवत होतो असं ते सांगत. कुठे, असं विचारलं की कधी कुलाब्यातलं हॉटेल सांगत, कधी फोर्टातलं. दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच मंदावले आणि धंदा बसला, इतपत पटण्यासारखं होतं. मुंबईच्या एका ओळखीच्या पत्रकाराला मी विचारलं, तर तो म्हणाला की त्या नावाचा एक नाच शिकवणारा होता, पण तो वारल्याचं त्याने ऐकलं होतं. यापलीकडे खातरजमा झाली नाही. खात्रीने सांगता येण्यासारखं एवढंच: पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते मुरबाडच्या एका खाजगी हायस्कुलात कवायत शिकवत होते आणि दामूशेठ या भाताच्या व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात राहत होते. सोबत लीलाबाई होत्या. मास्तर त्यांची ओळख "ही माझी मंडळी" अशी करून देत. लीलाबाईंचं कुंकू नवं आहे असं गावातल्या बायकांचं म्हणणं होतं. कुंकू नवं आहे हे कशावरून ओळखतात, हे मला कोणी समजावून सांगू शकलं नाही.

गावाला पहिला संशय गोदामाचा आला. गावात दोन खोल्यांची जागा मिळत असताना हायस्कुलातला मास्तर भाताच्या गोदामात बिऱ्हाड का करतो? त्याचं उत्तर जमिनीत होतं. भाताच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून दामूशेठच्या वडिलांनी मातीपासून हातभर उंचीवर शहापूरच्या जंगलातल्या सागाच्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. वर्षानुवर्षं पोती ओढली गेल्याने फळ्या घासून काचेसारख्या झाल्या होत्या. दामूशेठने रस्त्यालगत नवं गोदाम बांधलं आणि हे रिकामं पडलं. मास्तरांना ती जमीन हवी होती. तशी दुसरी त्या तालुक्यात नव्हती.

ती का हवी होती, हे मास्तरांनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं आणि तेही मी तीनदा विचारल्यावर. लीलाबाई पूर्वी त्यांच्या नाचातल्या जोडीदार होत्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. वाचा ठीक होती, हात बरा झाला होता, सरळ रेषेत त्या चालत. पण वळता येत नव्हतं. वळायची वेळ आली की डावा पाय जागीच चिकटून राही, वरचं अंग पुढे जाई आणि त्या पडत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर पाय उचलावा लागतो. मेण घासलेल्या सागावर तो नुसता सरकवता येतो.

"माणूस पायाने वळत नाही," मास्तर म्हणाले. "पाय शेवटी येतो. आधी वजन एका पायावर पुरतं जातं. मग त्या पायावरची कंबर फिरते, कंबरेमागून खांदा आणि मग रिकामा पाय ओढला जातो. तिचं वजन पुरतं जातच नाही. अर्धं इथे, अर्धं तिथे. ते जायला लागलं की ती वळेल."

"मग लोकांना हे सांगून टाका ना. लोक काहीबाही बोलतात."

"सांगितलं की कीव करतील. कीव आलेला माणूस धावत येऊन हात धरतो. हात धरला की ती त्याच्यावर वजन टाकणार. मग संपलंच."

त्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांचा गावावर विश्वास नव्हता, म्हणून गावाला कळलं नाही. आणि गावाला कळलं नाही, म्हणून गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

लोक बोलत होते त्याला कारणही होतं. संध्याकाळी दोघं बाजारातून जात. सरळ रस्त्यावर लीलाबाई ठीक चालत. कोपरा आला की मास्तर थांबत, त्यांच्या समोर येत, त्यांच्या पाठीला हाताचा आधार देत आणि दोघं मिळून एक लहानसं वर्तुळ घेऊन पलीकडच्या रस्त्याला लागत. कधी त्यात लीलाबाईंचा तोल जाई. भर बाजारात एक प्रौढ जोडपं एकमेकांना धरून झोकांड्या खातं, ते भाताच्या बंद गोदामात राहतं, दुपारी आतून तबकडीवरचं इंग्रजी वाद्य आणि पाय घासल्याचा आवाज येतो. दारूबंदीच्या काळात मुरबाडला याचा एकच अर्थ लागला.

वैशाखऱ्याहून दामूशेठकडे भात घेऊन येणारा गाडीवान गोमा एकदा त्या कोपऱ्यावर बैल थोपवून मोठ्याने म्हणाला, "आमची गाडीपन वळते, मास्तर. पन आमी तिला मिठी नाय मारत!"

बाजार हसला. मास्तरांनी गोमाच्या बैलांचे पाय पाहिले.

"तुझा आतला बैल आखूड पावलं टाकतो, बाहेरचा लांब. दोघं सारखी टाकतील तर?"

"तर गाडी गटारात."

"मग मिठी मारायला लागेल," मास्तर म्हणाले आणि लीलाबाईंना घेऊन पुढे गेले. त्यांनी विनोद केल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण. तो विनोदच होता, अशी माझी खात्री नाही.

शाळेतही त्यांचं फार पटत नव्हतं. कवायतीत 'पीछे मुड' म्हटलं की मुलांनी टाच आपटायची हा सर्वत्रचा नियम. मास्तरांच्या वर्गात टाच आपटणाऱ्या मुलाला रांगेबाहेर काढत. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाला एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. हुकूम झाला, सगळी शाळा वळली आणि कसलाच आवाज झाला नाही. पाहुण्यांना वाटलं की मुलांना हुकूम ऐकू गेला नाही.

"आवाज कुठाय?" त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. मुख्याध्यापकांनी मास्तरांकडे पाहिलं.

"आवाज म्हणजे चूक, साहेब," मास्तर म्हणाले. "वजन वेळेवर गेलं नाही की ते आपटतं."

मुख्याध्यापक नंतर मला म्हणाले, "हा माणूस मुलांना न वाजता चालायला का शिकवतोय, ते तुम्ही शोधून काढा. असं चालणं कोणाला लागतं, ते मी तुम्हाला सांगायला नको."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोदामावर छापा पडला. मी बाजाराच्या दिवशी मुरबाडात होतो. जमादाराने मला आणि चौकातल्या शिंप्याला पंच म्हणून बोलावून घेतलं. भर दुपार होती. मास्तरांनी दार उघडलं आणि जमादाराच्या बुटांकडे पाहिलं.

"बूट काढा."

"आं?"

"खिळे आहेत तळाला. जमीन खरवडेल. झडती घ्या, पण बूट काढून घ्या."

कायद्यात असं काही नव्हतं, पण जमादाराने बूट काढले. शिपायांनीही काढले. मुरबाडात अनवाणी पडलेला तो एकच छापा असावा. एका शिपायाने काठीने फळी ठोकली. "पोकळ वाजतंय!" तो म्हणाला. दोन फळ्या उचकटण्यात आल्या. खाली भाताचा जुना तूस, उंदरांनी कुरतडलेलं गोणपाट आणि सापाची कात. मास्तर तेवढा वेळ एकच वाक्य म्हणत होते: "खिळा वर राहू देऊ नका." कोपऱ्यात चावीचा ग्रामोफोन, चामडी तळव्यांच्या बुटांचा जोड, आणि एका डब्यात किसलेल्या मेणबत्त्या.

"मेणबत्त्या किसून काय करता?"

"जमिनीला लावतो."

"कशाला?"

"घसरायला."

जमादाराने शिंप्याकडे पाहिलं, शिंप्याने माझ्याकडे. "सगळं जग घसरू नये म्हणून धडपडतंय," जमादार म्हणाला, "आणि हा माणूस मेण लावून घसरतोय."

एक बाटली सापडली. जमादाराने बूच काढून जोरात हुंगली आणि शिंकला. मालिशचं तेल होतं. खाटेवर बसलेल्या लीलाबाई म्हणाल्या, "घेऊन जा हवं तर, भाऊ. तुमच्या गुडघ्याला लागेल." जमादाराने बाटली खाली ठेवली. फळ्या पुन्हा ठोकून द्यायला शिपायांना मास्तरांनीच बसवलं आणि प्रत्येक खिळ्यावरून स्वतःचा तळवा फिरवून पाहिला.

काहीच सापडलं नाही याचा गावावर झालेला परिणाम उलटा होता. सापडलं असतं तर विषय मिटला असता. आता पोलिसांनाही ज्याचा पत्ता लागत नाही असं काहीतरी गोदामात आहे, असं ठरलं.

ते काय आहे, हे भाद्रपदात कळलं. म्हणजे गावाची तशी समजूत झाली.

मास्तरांनी फळ्यांवर खडूने पावलं काढली होती. पुरुषाची पांढऱ्या खडूने, बाईची गेरूने. दारापासून आतल्या भिंतीपर्यंत आणि तिथून वळत पुन्हा दारापर्यंत. लीलाबाईंनी खाली न बघता त्यांवर चालायचं होतं. मास्तर दारातून आत तोंड करून पुढे जात. लीलाबाई त्यांच्या समोर, म्हणजे दाराकडे तोंड करून, मागे मागे सरकत. बॉलडान्समध्ये बाईने मागे जायचं असतं. त्यामुळे पांढरी पावलं आत येणारी आणि तांबडी पावलं दाराकडे बोटं केलेली, असा तो नकाशा होता.

त्या भागात गौरी यायच्या दिवशी बायका तांदळाच्या पिठाने उंबऱ्यापासून आतपर्यंत गौरीची पावलं काढतात. ती नेहमी आत येणारी. अंगण झाडायला गावाबाहेरच्या वस्तीवरून भिमी येत असे. तिने उघड्या दारातून ती तांबडी पावलं पाहिली आणि झाडू तिथेच टाकून दामूशेठच्या बायकोकडे, सुंदराबाईंकडे गेली.

"शेठानी, तुमच्या गोदामातना कोन बाई निघून चालली हाय. तांबडी पावला काढल्यात. सगली दाराकडं."

"कोणी काढली?"

"मास्तराने. आनखी कोन? देवीला भायेर काढायचा धंदा हाय तो, नाय तर काय?"

त्याच आठवड्यात दामूशेठची दुभती म्हैस आटली होती. सुंदराबाईंनी दुसरा पुरावा मागितला नाही. संध्याकाळपर्यंत दामूशेठचा निरोप आला: गौरी यायच्या आत गोदाम खाली करा.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा मास्तर गोदामाच्या पायरीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकून. त्यांची पाठ कधी उघड्यावर नसे. हॉटेलातही ते भिंतीलगतची खुर्ची धरत.

"कोणी लावून दिलं हे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या टाचा पाहिल्या आणि नजर काढून घेतली. आतून लीलाबाई म्हणाल्या, "सगळ्यांवर संशय कशाला घेताय? जागा गेली तर मी पुन्हा खाटेवर. मला खाटेवर मरायचं नाही. त्या शेठाणीला बोलवा. मी बोलते."

सुंदराबाई आल्या. ठेंगण्या, रुंद, नऊवारी घट्ट खोचलेली. सोबत दामूशेठ, भिमी आणि भाताची गाडी सोडून आलेला गोमा. लीलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं: झटका, पाय, वळणं. मास्तर मान फिरवून उभे होते. ऐकून सुंदराबाईंचा चेहरा मऊ झाला, पण मुद्दा सुटला नाही.

"बाई, तुमचा पाय देव बरा करो. पण पावलं दाराकडे का?"

"अहो, ती दाराकडे जात नाही," मास्तर न राहवून म्हणाले. "ती आतच येते. फक्त उलटी येते."

भिमीने पदर तोंडावर घेतला.

"मास्तर," सुंदराबाई सावकाश म्हणाल्या, "घरात उलट्या पावलांनी कोण येतं, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

"आता तर भूतच आनलान," गोमा म्हणाला.

दामूशेठ कंटाळले होते. "तू सांग ना, काय केलं म्हणजे तुझं समाधान होईल?"

"बाईची पावलं आत आली पाहिजेत, तोंड आत करून," सुंदराबाई म्हणाल्या. "बाप्याची जाऊ देत जिकडे जायची तिकडे."

"असं होत नाही," मास्तर म्हणाले. "पुरुष पुढे येतो, बाई मागे जाते. सगळ्या जगात असंच आहे."

"मुरबाडात नाही."

लीलाबाई उठल्या. भिंतीचा आधार घेत ओल्या फडक्यापर्यंत गेल्या आणि ते मास्तरांच्या पायाशी टाकलं. "पुसा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पावलं पुसली. पुन्हा काढताना त्यांनी खडू आणि गेरू यांची अदलाबदल केली. पहिलं तांबडं पाऊल उंबऱ्याच्या आत, बोटं भिंतीकडे. सुंदराबाईंनी वाकून ते पाहिलं. "पुढे जाऊन वळतायत, तिथे पुन्हा दाराकडे होतायत," दामूशेठने दाखवलं. "आत तर आली ना एकदा?" सुंदराबाई म्हणाल्या. "मग घरात फिरेल कुठेही. बाईमाणूस घरात फिरणारच."

मास्तरांना वाटलं होतं की एवढ्यावर मंडळी जातील. ती गेली नाहीत. करून दाखवा, असं दामूशेठचं म्हणणं पडलं. तबकडी लागली. मास्तर दाराजवळ उभे राहिले, खोलीकडे पाठ करून. त्यांच्यासमोर लीलाबाई. पहिल्याच पावलाला मास्तर चुकले. ज्या पायावर वजन होतं तोच पाय त्यांनी मागे घ्यायचा प्रयत्न केला. मान वळवून त्यांनी मागे पाहिलं.

"मागे बघू नका," लीलाबाई म्हणाल्या. "मागे काही नाहीये. चला."

त्या पुढे आल्या, ते मागे गेले. उजवा पाय पुढे टाकताना लीलाबाईंचा डावा खांदा आपोआप पुढे आला, जसा चालताना कोणाचाही येतो. वजन पुरतं उजव्यावर गेलं. कंबर फिरली आणि डावा पाय मेणावरून सरकत, बाहेरच्या बैलासारखा लांबून फिरून, त्यांच्या अंगाखाली येऊन थांबला.

"वळल्या की!" दामूशेठ म्हणाले.

"चुकून," मास्तर म्हणाले.

पुन्हा केलं, पुन्हा वळल्या. तिसऱ्यांदा अडखळल्या, चौथ्यांदा वळल्या. मास्तरांनी तबकडी थांबवली. त्यांनी दामूशेठकडून सुपारी मागून घेतली, फळीवर ठेवली आणि पालथे पडून पाहिलं. फळीला उतार असावा असा त्यांना संशय होता. सुपारी हलली नाही. मग त्यांनी मेण तपासलं. मग लीलाबाईंची चप्पल. मग ते पायरीवर जाऊन बसले. भिंतीला टेकायला ते विसरले होते.

मला त्यांनी नंतर कारण सांगितलं. बाईने मागे जाऊन वळायचं तर दोन्ही पाय जुळवून टाचेवर वळावं लागतं आणि पुरुष तिच्याभोवती फिरतो. लीलाबाईंची डावी टाच तेवढं वजन घेत नव्हती. पुढे जाणाऱ्याला मात्र अंगाचा झोकच वळवतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते रोज मुलांना तेच शिकवत होते. बाईला पुरुषाची पावलं द्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. या अदलाबदलीने गुण आला की एवढे महिने घासलेला पाय त्याच सुमारास सुटणार होता, हे मला सांगता येणार नाही. गौरीमुळे गुण आला असं सुंदराबाईंचं मत होतं. म्हैस आटलेलीच राहिली, पण तिचं वय झालं होतं असं आता सगळे म्हणू लागले.

गोदाम राहिलं. गावाचा संशय मात्र पूर्ण गेला नाही. लीलाबाईंच्या कुंकवावर बायका बोलत राहिल्या आणि मुख्याध्यापक मला अधूनमधून विचारत राहिले. पुढे माझी ठाण्याला बदली झाली आणि मुरबाडला जाणं थांबलं. जाण्याआधी निरोप घ्यायला म्हणून मी एका दुपारी गोदामाकडे गेलो.

दार सताड उघडं होतं. ते तसं मी आधी पाहिलेलं नव्हतं. समोरच्या रस्त्याने बाजारची माणसं जात होती, दोन-तीन बायका हातातल्या पिशव्या सावरत थांबून बघत होत्या. भिमी पायरीवर बसून सुपं झाडत होती. आत तबकडी लावलेली नव्हती. लीलाबाई तोंडाने हलकेच ठेका धरत मास्तरांना मागे नेत होत्या. खोलीच्या टोकाला त्यांनी वळण घेतलं आणि मास्तरांची पाठ दाराकडे आली. त्याच पाठीने ते माझ्या दिशेने, रस्त्याच्या दिशेने, बघणाऱ्या सगळ्या लोकांच्या दिशेने मागे मागे येऊ लागले. त्यांच्या मागे उंबरा होता आणि उंबऱ्याखाली दोन पायऱ्या. मी हाक मारणार होतो. मास्तरांचे डोळे वळणाआधीच मिटलेले मी पाहिले होते, वजन शेवटच्या फळीवरच्या टाचेवर पुरतं गेलेलं होतं, आणि त्यांनी मान वळवून मागे पाहिलं नाही.